बुडालेल्या गावाचा दहावा कोणी करायचा?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, ठाणे

साहेब,

पत्रास कारण की, धरणग्रस्तांच्या नावाने तुमच्या टेबलावर रोज जे कागद येतात, त्यांत एखादा तरी असा असावा ज्यात प्लॉट, दाखला, मोबदला, नोकरी यांतले काहीच मागितलेले नाही. त्या मागण्या आहेत, रास्त आहेत, आणि त्या मांडायला आमच्याकडे खमकी माणसे आहेत. मला बोलायचे आहे ते दुःखाबद्दल. हे जिल्हाधिकाऱ्यांच्या कक्षेत येते का, असे तुमच्या मनात येईल. जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी नोकरी झाली, शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत. परिपत्रकात नसलेले काही विचारले की समोरचा साहेब चष्म्यावरून कसा बघतो, ते मला पाठ आहे. तरी शेवटपर्यंत वाचा. कारण आमच्याकडचे हे दुःख जे इतकी वर्षे लांबते, ते लांबवण्यात सरकारी कचेरीचा वाटा मोठा आहे, असे माझे म्हणणे आहे.

आमच्या तालुक्यांचा नकाशा तुमच्या भिंतीवर असेलच. तानसा १८९२ मध्ये बांधून झाला. मग वैतरणा, मग भातसा. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांत मिळून जेवढे पाणी मावते, त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या भातसात असते. मुरबाडच्या अंगाला औद्योगिक विकास महामंडळाची बारवी. काळू आणि शाई ही दोन धरणे तर अजून बांधलेलीही नाहीत, पण त्यांचे धरणग्रस्त तयार आहेत. त्यांच्याकडे नंतर येतो. पाणी शहराला जाते आणि फाल्गुन सरला की शहापुरात टँकर फिरू लागतो, हे रडगाणे इतके गाऊन झाले आहे की इथे पुन्हा गात नाही.

बारवीचे मात्र सविस्तर सांगतो. या धरणाची उंची चार मीटरने वाढवली आणि २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव उंचीपर्यंत पाणी अडवले. तोंडली, काचकोली, मोहघर आणि आसपासचे पाडे त्या पाण्यात गेले. यातली एक गोष्ट इंजिनिअरला लगेच कळते, पण पुनर्वसनाच्या टिपणीत ती कुठे उतरत नाही. उंची वाढवून जी जमीन बुडते ती सगळ्यात वरच्या काठाची असते. पाणी उपसायला लागले की तीच सगळ्यांत आधी उघडी पडते. म्हणजे ही गावे कायमची बुडालेली नाहीत. श्रावणात जातात आणि उन्हाळ्यात परत वर येतात. दर वर्षी.

अशाच एका उन्हाळ्यात सत्तरीच्या पुढच्या एका आजीबरोबर मी त्या काठाला उतरलो होतो. तिची नातवंडे माझ्या वर्गात होती, म्हणून मी तिचाही गुरुजी. गाळ वाळून तडकला होता, आणि मधूनमधून घरांची जोती दिसत होती. आजी आपल्या जोत्यापाशी आली. भिंती नाहीत, दार नाही, चारी बाजूंनी मोकळे. तरी ती वळसा घालून जिथे दार होते तिथे गेली, चपला बाहेर काढल्या आणि मग आत शिरली. पडवीच्या जागी जमिनीत पुरलेले उखळ तसेच होते. त्यातला गाळ तिने हाताने उपसून काढला, पदराने आतून पुसले. कशासाठी, ते तिला विचारायची माझी छाती झाली नाही. परत वर चढताना ती आपणहून बोलली, "मानूस मेला तर एकदाच मरतो ना, गुरुजी. ह्यो गाव दर साली मरतो."

ही आजी कागदावर पुनर्वसित आहे. स्लॅबचे घर आहे, आत फरशी आहे, नळ आहे. मुलगा नोकरीला लागला आहे. तुमच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे शेवटचा रकाना भरलेला आहे. तिला रात्री झोप नाही. डोके जड, अंगात कणकण, छातीत भरून येते. सून तिला दवाखान्यात नेते, तिथे दाब मोजतात, कॅल्शियमच्या गोळ्या देतात, फार आग्रह केला तर सलाइन लावतात. "दुःख होतंय" असे आमच्याकडे कोणी डॉक्टरला सांगत नाही. दुःख ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे? बायकांचे दुःख अंगदुखी होऊन दवाखान्यात जाते आणि पुरुषांचे संध्याकाळी गुत्त्यावर.

आता थोडे पुस्तकातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात लांबलेल्या शोकाला स्वतंत्र आजाराची जागा मिळाली आहे. जवळचे माणूस गेल्यावर निदान सहा महिने, आणि त्या समाजाच्या रीतीला धरून जितके दुःख चालते त्याहून अधिक काळ, मनाची ओढ सुटत नाही, संसारात लक्ष लागत नाही, तेव्हा त्याला आजार म्हणायचे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच वर्षी मोठ्या माणसांसाठी ही मुदत बारा महिने धरली. एरवी आप्त गमावलेल्यांत साधारण दहांतला एक या अवस्थेत अडकतो. युद्धातून, छळातून परागंदा झालेल्या निर्वासितांत हे प्रमाण तिघांत एकाच्या आसपास जाते, असे वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र मांडल्यावर दिसले आहे. याचे कारण उघड आहे. त्यांचे माणूस जाते, घर जाते, मरण बघताना बसलेला धक्का असतो, आणि परक्या जागी रोजचा घोर असतोच. धक्का बसलेले मन सतत सावध राहते, आणि सावध राहणाऱ्याला धड रडता येत नाही. रडायलाही निवांतपणा लागतो.

यातली "त्या समाजाच्या रीतीला धरून" ही अट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे शोकाला वेळापत्रक आहे. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, मग दर भाद्रपदात पितरांचा पंधरवडा. कुणब्यांचे एक, ठाकरांचे एक, कातकऱ्यांचे आणखी वेगळे. पण प्रत्येकाकडे काही ना काही ठरलेले आहे. त्या ठरलेल्या दिवशी लोक जमतात, रडतात, जेवतात, आणि कोणीतरी वडीलधारे सांगते की आता पुरे, उठा, कामाला लागा. हे "उठा" सांगणारे माणूस फार महत्त्वाचे. गाव बुडाल्यावर दहावा कुठल्या दिवशी करायचा? सुतक कधी फिटले? आणि "उठा" म्हणायचे कोणी?

हे सगळे मी भावुक होऊन रचतो आहे असे वाटू नये म्हणून सांगतो. अमेरिकेत बोस्टन शहरातली वेस्ट एंड नावाची जुनी वस्ती शहर सुधारण्याच्या नावाखाली १९५८ च्या सुमारास उठवली. तिथल्या लोकांना मार्क फ्राइड हा मानसशास्त्रज्ञ नंतर जाऊन भेटला आणि १९६३ मध्ये त्याने लिहिले की यांच्या अवस्थेला शोक हाच शब्द लागू पडतो. काहींचा तर दोन वर्षांनंतरही ओसरलेला नव्हता. ती झोपडपट्टीवजा वस्ती होती, बाहेरच्यांना तिच्यात रडण्यासारखे काही दिसत नव्हते. आपल्या डोळ्यांसमोर आफ्रिकेतले करिबा धरणही असावे. १९५७-५८ मध्ये झांबेझी नदीच्या खोऱ्यातून सुमारे ५७ हजार टोंगा लोकांना हलवले. एलिझाबेथ कॉल्सन आणि थेयर स्कडर या अभ्यासकांनी त्या लोकांचा पिच्छा पुढे कित्येक दशके सोडला नाही. हलवण्याचा ताण शरीरावर, मनावर आणि सामाजिक रीतिभातीवर एकदमच पडतो, आणि या तिन्ही गोष्टी सुट्या करून बघता येत नाहीत, ही त्यांची मांडणी. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावर जगात बोलणारे आजही तिथूनच सुरुवात करतात.

पण आमच्या आजीच्या सगळ्यांत जवळ जातो तो मॉरिस आयझेनब्रुख हा अभ्यासक. कंबोडियातून पळून आलेल्या निर्वासितांबरोबर त्याने काम केले. डॉक्टर त्यांना धक्क्याचा आजार म्हणून औषधे देत होते. आयझेनब्रुखने १९९१ मध्ये म्हटले की थांबा, या लोकांना काय छळते ते आधी विचारा. ते सांगत होते की आमची मेलेली माणसे मागे राहिली, त्यांचे करायचे ते करता आले नाही, ती स्वप्नात येतात. देश सुटला त्याचे दुःख होतेच. मेलेल्यांना टाकून आल्याचा अपराध त्याहून मोठा होता.

साहेब, आमच्याकडे तान्हे मूल गेले तर त्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. बहुतेक सगळ्याच जातींत ही रीत आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी डोंगराकडेच्या पाड्यांवर मुले जगण्यापेक्षा जाण्याची धास्ती जास्त असे. त्यामुळे आज जी बाई सत्तरीच्या पुढे आहे, तिचे एखादे तरी लेकरू कुठेतरी एखाद्या आंब्याखाली, बांधाच्या कडेला आहे. भूसंपादनाचा पंचनामा मी पाहिला आहे. त्यात आंबा लिहितात, त्याचे वय, घेर, उत्पन्न लिहितात, फणस लिहितात, बांबूचे बेट लिहितात, गोठ्याचे चौरस फूट लिहितात. आंब्याखाली काय आहे ते लिहायला जागा नाही, आणि बाईही पंचांसमोर ते बोलणार नाही. ती सही करते, नाहीतर अंगठा उठवते.

देवांचे त्यातल्या त्यात बरे. गावदेवी उचलून नव्या गावठाणात नेता येते, देऊळही आधीपेक्षा मोठे होते, वर आमदारनिधीची पाटी लागते. पण वेशीवरचा वाघदेव नेऊन ठेवायचा कुठे? वसाहतीला वेसच नसते. आणि मसणवट नेता येत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे तिसरे परिशिष्ट काढून बघा. नव्या वसाहतीत काय काय द्यायचे त्याची लांबलचक यादी आहे. तिच्यात त्या त्या समाजाच्या रीतीप्रमाणे दहन किंवा दफनभूमी आहे, आणि दर पन्नास कुटुंबांमागे एक देवस्थान आणि झाडाचा पार आहे. पार! ज्या कोणी दिल्लीत बसून कायद्याच्या मसुद्यात पार लिहिला, त्याला माझा रामराम. त्याला माहीत होते की माणसे बसतात कुठे. आमच्याकडे सिमेंटचा कट्टा होतो आणि पिंपळ पुढच्या वनमहोत्सवावर जातो, हे सोडा.

मेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारून भाकरी येते. प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले, की हा शेजार मोडतो. चिठ्ठी हा निष्पक्ष मार्ग आहे, तक्रारीला जागा राहत नाही, हे मला मान्य आहे. पण तीन पिढ्यांची जी आळी होती तिच्यातले एक घर या टोकाला, दुसरे त्या टोकाला, आणि मधल्यांनी मोबदला घेऊन बदलापूर गाठलेले. आमच्या आजीच्या डाव्या हाताला आता जे राहतात ते चांगले लोक आहेत. फक्त तिचा नवरा कसा होता, हे त्यांच्यातल्या कोणालाच ठाऊक नाही.

आता मुद्द्यावर येतो. दुःख होणारच, ते कोणीही टाळू शकत नाही. बहुतेक माणसे त्यातून आपल्या पायांनी बाहेर येतात. आमची माणसे काही काचेची नाहीत. मग काहींचे का लांबते? माझ्या मते, फाइल बंद होत नाही म्हणून.

धरणग्रस्ताची फाइल कशी चालते ते तुम्ही वरून बघता, मी खालून बघितले आहे. माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला लोक येतात. नोकरीत असताना यायचे, अजून येतात. गाव गेल्यावर काही वर्षांनी मूळ खातेदार जातो. मग मुलाला वारस नोंद करावी लागते, मृत्यूचा दाखला जोडावा लागतो, बहिणींची संमती घ्यावी लागते, प्रकल्पग्रस्ताचा दाखला आजोबांच्या नावाने होता तो बापाच्या आणि मग आपल्या नावाने फिरवून घ्यावा लागतो. प्रत्येक अर्जाची सुरुवात एकच: "आमचे मौजे अमुक हे गाव तमुक प्रकल्पात बुडीत झाले असून मूळ खातेदार मयत आहेत." हे वाक्य मी किती लोकांसाठी लिहिले असेल! गेलेले गाव आणि गेलेला बाप एकाच टाचणीने टोचून तो पोरगा तहसीलला जातो, तिथून प्रांताकडे, तिथून ठाण्याला पुनर्वसन शाखेत. तिथे त्रुटी निघते. पुढच्या महिन्यात परत तेच वाक्य. जखम भरत आली की खपली काढायची, हा आपला कारभार. आणि हे मुद्दाम कोणी करत नाही, हे मला कळते. खिडकीपलीकडचा कारकून भला माणूस असतो, त्याच्या टेबलावर त्याच्या उंचीएवढे गठ्ठे असतात.

नेदरलँड्समध्ये आश्रय मागायला गेलेल्या इराकी लोकांची एक पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. नुकतेच पोचलेले एका बाजूला आणि दोन वर्षांहून जास्त काळ अर्जाच्या निकालाची वाट पाहणारे दुसऱ्या बाजूला, अशी तुलना होती. युद्ध दोघांनीही सोसलेले. पण वाट पाहणाऱ्यांत मानसिक आजार ठळकपणे जास्त निघाले: सहा महिन्यांच्या आतल्यांत शंभरात ४२, तर दोन वर्षांवरच्यांत ६६. म्हणजे बॉम्बने जे केले त्यात कचेरीच्या खेपांनी भर घातली. आमचे लोक दोन वर्षे हा आकडा ऐकून हसतील. भातसाचे काम सुरू झाले तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाही नव्हता, तो १९७६ मध्ये आला. त्या वेळी आईच्या कडेवर वसाहतीत आलेली पोरे आज नातवंडांना खेळवतात आणि अजून अर्ज लिहून घ्यायला येतात.

तुम्ही म्हणाल, निर्वासित वेगळे आणि धरणग्रस्त वेगळे. वेगळे आहेतच. मुरबाडहून कल्याणला जाताना जवळच उल्हासनगर लागते. फाळणीत सिंध सोडून आलेल्यांना लष्कराच्या रिकाम्या छावणीत ठेवले होते, १९४९ मध्ये त्याचे शहर झाले, आणि अजूनही लोक पत्ता कॅम्प नंबरने सांगतात. त्या माणसांचे हाल काय झाले असतील ते त्यांचे त्यांना माहीत. पण एक गोष्ट त्यांना मिळाली जी आमच्यांना मिळाली नाही. तुमचा मुलूख गेला, हे देशाने त्यांना तोंडावर मान्य केले. झुलेलालची मंदिरे उभी राहिली, चालिहाचे उपास सुरू राहिले, आणि कोणी त्यांना म्हटले नाही की अहो, दहा कोसांवर तर आलात, त्यात एवढे काय. आमच्यांना हेच ऐकावे लागते. वरून हेही की देशासाठी त्याग केलात. त्याग हा करणाऱ्याने म्हणायचा शब्द आहे, करवून घेणाऱ्याने नव्हे.

दुःखाला मान्यता नसली की ते अधांतरी राहते. इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. ती आमच्या ठाकरांचीच वाडी, जिल्हा तेवढा रायगड. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला. थांबवणे भाग होते. पण ज्यांना देह मिळाला नाही त्यांनी काय करावे? पॉलिन बॉस या अमेरिकी बाईंनी बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांत असले अधांतरी दुःख पाहिले होते. जे धड गेलेही नाही आणि आहे असेही नाही, त्याचा शोक सुरूही होत नाही आणि संपतही नाही, असे त्या सांगतात. बारवीच्या काठी दर उन्हाळ्यात वर येणारे जोते हा त्यातलाच प्रकार आहे.

आणि काळू. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरणाचे काम २०११ मध्ये वनखात्याच्या मंजुरीशिवाय सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवले. संघटनेच्या इंदवी तुळपुळे आणि तिथल्या बायाबापड्यांनी जे केले त्याला तोड नाही. पण थांबवलेले धरण म्हणजे रद्द झालेले धरण नव्हे. दर दोन-चार वर्षांनी शहराला पाणी कमी पडते, बातमी येते, मोजणीवाले येणार अशी हाकाटी होते. शाईचेही तेच. बुडीतात दाखवलेल्या गावातल्या माणसाला घरावर स्लॅब टाकावा की कौलेच शाकारून घ्यावी, हे ठरवता येत नाही. विहीर खणू का? काजू लावू का? लग्न जमवायला आलेले पाहुणे जेवण झाल्यावर हळूच विचारतात, "तुमचा गाव जायाचा हाय ना?" मेलेल्या माणसाचा शोक लांबतो हे समजू शकते. इथे माणूस धडधाकट आहे आणि घरच्यांनी पांढरे कापड आणून ठेवले आहे.

माझ्या म्हणण्यावर आमच्यातलीच तरुण पोरे हरकत घेतात, तीही सांगतो. एक जण मला म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला जुनं घर आवडतं कारण तुम्हाला त्यात राहायचं नव्हतं. पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून ओढा पार करायचो आम्ही." खरे आहे. रस्ता आला, गाडी दारात येते, नोकरी लागली तर संसार उभा राहतो. दुःख नको म्हणून धरण नको, असे मी म्हणत नाही. मुंबई-ठाण्याच्या लोकांनाही पाणी प्यायचे आहे. पण त्याच पोराची आई रात्री जागीच असते, हेही त्यानेच मला सांगितले.

तर तुम्ही काय करावे, ते आता सांगतो. सगळ्यांत आधी प्रत्येक कुटुंबाची फाइल बंद होण्याची तारीख ठरवा. नवा कक्ष नको, समिती नको, शिबिराचा मांडव नको. बारवी आणि भातसाच्या प्रत्येक खातेदाराला, किंवा त्याच्या वारसाला, एक कागद द्या: तुमचे एवढे देणे होते, एवढे दिले, एवढे उरले, ते अमुक तारखेला देऊ, किंवा ते मिळणार नाही आणि त्याची कारणे ही. "मिळणार नाही" हे ऐकायलाही आमचे लोक तयार आहेत. लोक भांडतील, कोर्टात जातील, पण भांडण संपू शकते. "प्रक्रिया सुरू आहे" हे कधीच संपत नाही. वारसांची कागदपत्रे कुटुंबाकडून एकदाच घ्या. तहसील, प्रांत आणि पुनर्वसन शाखा यांनी ती आपापसात फिरवावीत. मयताचा दाखला पोराने दर खेपेला का काढून आणायचा?

दुसरे, उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा लोकांना त्यांच्या गावाच्या जागेवर रीतसर जाऊ द्या. आज चोरासारखे जावे लागते, कोणीतरी हटकतो. चैत्रात एक दिवस ठरवा, एसटी सोडा, पिण्याचे पाणी आणि एक मांडव ठेवा. बाकी काय करायचे ते लोक करतील. नारळ फोडतील, कोंबडे देतील, भगत आला तर येऊ द्या, नाक मुरडू नका. आणि पुढे जिथे कुठे पाणी अडवायचे असेल तिथे दरवाजे टाकण्याआधी हा निरोप अंदाजपत्रकात धरा. भूमिपूजनाला मांडव, मंत्री आणि जेवणावळी असतात. निरोपाला निदान पंचांच्या पंगतीपुरता खर्च करा.

तिसरे आरोग्याचे. आपल्या जिल्ह्यात ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, १४४१६ ही टेलिमानसची फुकट सेवा आहे. पण ठाण्याच्या त्या इमारतीचे नाव काढले तरी आमच्याकडे माणूस घरातून बाहेर पडत नाही; पोर हट्टाला पेटले की आई त्याच इमारतीचे नाव घेऊन गप्प करते. तेव्हा डॉक्टरांना महिन्यातून एकदा वसाहतीच्या उपकेंद्रात पाठवा, नेहमीच्या दाब-साखरेच्या तपासणीबरोबर. आशाताई घरोघर जातातच. त्यांना फॉर्ममधला प्रश्न देऊ नका. "कोणते गाव तुमचे, आणि तिथे कोण राहिले?" एवढे विचारायला आणि मग ऐकत बसायला शिकवा. ऐकायला वेळ लागतो, त्याचा मोबदलाही त्यांना द्या. सगळ्यांना गोळ्या लागणार नाहीत. थोड्यांना लागतील, त्यांना त्या मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात आणि शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात मिळाल्या पाहिजेत, ठाण्याची चिठ्ठी नको.

प्लॉटवाटपाच्या चिठ्ठ्या घराच्या नाही, आळीच्या नावाने टाका. म्हणजे चिठ्ठीही राहील आणि शेजारही. याला खर्च शून्य आहे.

राहिले काळू आणि शाई. ते तुमच्या एकट्याच्या हातात नाही, मंत्रालयात ठरते, हे मी जाणतो. पण तुमच्या सहीने एक पत्र मंत्रालयात जाऊ शकते, की या गावांना होय किंवा नाही ते लेखी सांगा. होय असेल तर कोणत्या साली, आणि किती मीटरपर्यंत. नाही असेल तर बुडीताच्या यादीतून गावे उतरवा आणि तसे ग्रामपंचायतीला कळवा. म्हणजे ज्याला काजू लावायचा तो लावील.

या पत्राची प्रत मुरबाड आणि शहापूर तहसीलला दिली आहे. पोच मिळाली नाही तर मी येऊन घेऊन जाईन. निवृत्त आहे, वेळ आहे.

आपला विश्वासू,
मुरबाड तालुक्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक